कर्णधार विकला, खुर्ची मात्र शाबूत!

संघ जिंकू लागला की श्रेय वरच्या मजल्यावर जाते आणि हरू लागला की दोष खालच्या मजल्यावर येतो. खेळाच्या जगातला हा जुनाच नियम आहे. निर्णय घेणारे एक आणि निर्णयाची किंमत मोजणारे दुसरे, हा अनुभव आमच्या वाचकांना नवा नाही. म्हणूनच आज आम्ही एका अशा खेळाबद्दल लिहिणार आहोत, जो आपल्या गल्लीत कुणी खेळत नाही, पण ज्यात घडलेली गोष्ट आपल्याला चटकन समजेल.

आयपीएलमुळे खेळाडूंची खरेदी-विक्री आपल्याकडेही घराघरात माहीत झाली आहे. २०२४ च्या हंगामाआधी मुंबई इंडियन्सने पाच विजेतेपदे मिळवून देणाऱ्या रोहित शर्माचे कर्णधारपद काढून ते गुजरात टायटन्सकडून आणलेल्या हार्दिक पंड्याच्या हाती दिले. त्या वर्षी मुंबई दहा संघांत दहाव्या क्रमांकावर राहिली. पण रोहित निदान मुंबईच्या संघात तरी राहिला. अमेरिका-कॅनडातील व्यावसायिक आइस हॉकीत, म्हणजे नॅशनल हॉकी लीगमध्ये, एवढीही शाश्वती नसते. तिथे संघ घसरू लागला की 'नेतृत्वबदल' या गोंडस नावाखाली जुन्याजाणत्या खेळाडूंना, प्रसंगी कर्णधारालाही, दुसऱ्या संघाच्या हवाली केले जाते. बदल्यात एखादा खेळाडू येतो, नाहीतर पुढच्या वर्षी नवा मुलगा निवडण्याचा हक्क येतो. याला तिकडे 'ट्रेड' म्हणतात. आम्ही त्याला अदलाबदल म्हणू.

अगदी अलीकडचे उदाहरण न्यूयॉर्क रेंजर्सचे आहे. २०२३-२४ च्या हंगामात हा संघ ८२ पैकी ५५ सामने जिंकून ११४ गुणांसह संपूर्ण लीगमध्ये पहिला आला. पुढे बाद फेरीत त्यांनी पूर्व विभागाच्या अंतिम लढतीपर्यंत मजल मारली आणि तिथे फ्लोरिडा पँथर्सकडून ते हरले. त्याच फ्लोरिडाने पुढे स्टॅन्ली कप जिंकला. म्हणजे जो संघ सर्वांत चांगला ठरला, त्याच्याशी सहा सामने झुंजून रेंजर्स बाहेर पडले. यात लाज वाटण्यासारखे काय होते? पण १९९४ नंतर या संघाला कप मिळालेला नाही. तेव्हा कोणाची तरी मान धरणे भाग होते. ती धरली गेली जुन्या खेळाडूंची.

पहिला बळी बार्कले गुडरोचा. हा उपकर्णधार. आधीच्या संघाकडून दोनदा स्टॅन्ली कप जिंकलेला आणि त्या वर्षीच्या बाद फेरीत सहा गोल करणारा. आपल्याला कोणत्या संघांकडे पाठवता येणार नाही, याची यादी देण्याचा हक्क त्याच्या करारात होता आणि सॅन होजे शार्क्स हा संघ त्या यादीत होता. पण व्यवस्थापनाने पळवाट काढली. त्याचे नाव 'वेव्हर'वर टाकले. वेव्हर म्हणजे आम्हाला हा खेळाडू नको, ज्याला हवा त्याने करारासकट न्यावा, अशी जाहीर सूचना. तिथे खेळाडूची यादी चालत नाही. जून २०२४ मध्ये शार्क्सने त्याला उचलले. तो संघ त्या वर्षी लीगमध्ये शेवटचा होता. करार मोडला नाही, पण कराराचा अर्थ मारला! कायद्याचे शब्द पाळून कायद्याचा आत्मा कसा पायदळी तुडवायचा, हे खुर्चीवर बसलेल्यांना कुणी शिकवावे लागत नाही.

त्यानंतर पाळी आली कर्णधार जेकब ट्रूबाची. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच्या जर्सीवर कर्णधाराचे 'सी' हे अक्षर शिवले गेले. त्या वेळी संघाचे अध्यक्ष आणि महाव्यवस्थापक होते क्रिस ड्रुरी. २०२४ च्या उन्हाळ्यात त्यांनीच त्याला दुसरीकडे पाठवण्याचा प्रयत्न केला. ट्रूबाच्या पत्नीचे वैद्यकीय प्रशिक्षण न्यूयॉर्कमध्ये चालू होते, त्यामुळे त्याला शहर सोडायचे नव्हते. अदलाबदल बारगळली. पण ज्याला तुम्ही उघडपणे विकायला काढले, तोच माणूस सप्टेंबरमध्ये पुन्हा कर्णधार म्हणून ड्रेसिंग रूममध्ये उभा राहतो, तेव्हा त्याच्या शब्दाला वजन किती राहणार? व्यवस्थापनाने आपल्याच हाताने कर्णधाराचे पाणी उतरवले आणि मग कर्णधाराचा दरारा उरला नाही अशी तक्रार करायला ते मोकळे झाले.

तरीही २०२४-२५ च्या हंगामाची सुरुवात चांगली झाली. पहिल्या १७ पैकी १२ सामने रेंजर्सनी जिंकले. मग दोन पराभव झाले आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बातमी फुटली की, ड्रुरी यांनी इतर संघांच्या महाव्यवस्थापकांना आपण अदलाबदलीस तयार असल्याचे कळवले असून त्यात ट्रूबा आणि ख्रिस क्रायडर ही दोन नावे आहेत. क्रायडर म्हणजे २००९ मध्ये रेंजर्सनेच निवडलेला आणि दुसऱ्या कोणत्याही संघाकडून तोपर्यंत न खेळलेला ज्येष्ठ खेळाडू. घरातली दोन थोरली माणसे बाजारात उभी केल्याची बातमी घरातल्या बाकीच्यांनी बाहेरून ऐकली. त्यानंतर संघ जो कोसळला तो डिसेंबर अखेरपर्यंत सावरलाच नाही.

६ डिसेंबर २०२४ रोजी ट्रूबाला अनाहाइम डक्सकडे पाठवण्यात आले. अदलाबदलीला होकार दिला नाहीस तर तुलाही वेव्हरवर टाकू, हा धाक त्याच्यासमोर होता. वर्षाला ८० लाख डॉलर घेणाऱ्या कर्णधाराच्या बदल्यात रेंजर्सना मिळाला एक बचावपटू आणि चौथ्या फेरीतला एक निवड-हक्क. बाजाराच्या भाषेत याला कवडीमोल म्हणतात. १८ डिसेंबरला काप्पो काक्को या तरुण खेळाडूची सिअॅटलला रवानगी झाली. चुका झाल्या की तरुणालाच बाहेर बसवणे सोपे असते, असे तो त्याच्या आदल्याच दिवसांत उघडपणे बोलला होता. ३१ जानेवारी २०२५ रोजी व्हँकुव्हरहून जे. टी. मिलरला आणले गेले. शेवटी काय झाले? ३९ विजय, ८५ गुण आणि बाद फेरीच्या बाहेर. आदल्या वर्षी लीगमध्ये पहिला आलेला संघ पुढच्या वर्षी बाद फेरीतही पोहोचला नाही, असे फार क्वचित घडते.

आता हिशेब पाहा. एप्रिल २०२५ मध्ये प्रशिक्षक पीटर लॅव्हिओलेट यांना काढण्यात आले. जूनमध्ये क्रायडरलाही अनाहाइमला पाठवले गेले. ३२६ गोल करून रेंजर्सच्या इतिहासात तिसऱ्या क्रमांकावर असलेला हा माणूस! उपकर्णधार गेला, कर्णधार गेला, सर्वांत जुना खेळाडू गेला, प्रशिक्षक गेला. आणि ज्यांनी हे सगळे निर्णय घेतले त्या क्रिस ड्रुरी यांना काय झाले? त्याच एप्रिलमध्ये त्यांना अनेक वर्षांची मुदतवाढ मिळाली! सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांनीच आणलेल्या मिलरला कर्णधार नेमण्यात आले. यालाच नेतृत्वबदल म्हणायचे असेल, तर मग नेतृत्व कोणते आणि बदल कोणता, हे एकदा स्पष्ट झाले पाहिजे.

यात एक बोचरी गोष्ट अशी की, हे ड्रुरी स्वतः रेंजर्सचे माजी कर्णधार आहेत. २००८ पासून 'सी' हे अक्षर त्यांच्या छातीवर होते. २०११ मध्ये संघाने उरलेल्या कराराची ठरलेली रक्कम देऊन त्यांनाही मोकळे केले होते. ज्याने कर्णधाराची वेदना भोगली, त्याच्याच हातून ती दुसऱ्याच्या वाट्याला आली. खालून वर गेलेला प्रत्येक माणूस खालच्यांचा उरतोच असे नाही. खुर्ची माणसाला बदलते, माणूस खुर्चीला क्वचितच बदलतो.

काहीजण विचारतील, कोट्यवधी डॉलर मिळवणाऱ्या खेळाडूंचा कळवळा तुम्हाला कशाला? प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे की, पगाराचा आकडा मोठा असला म्हणून माणूस वस्तू होत नाही. आज खेळाडूला नको असलेल्या संघांची यादी देता येते, ती आकाशातून पडलेली नाही. ज्या काळात खेळाडूला असा कोणताच हक्क नव्हता, त्या काळी अदलाबदल हे शिक्षेचे हत्यार होते आणि ते सर्वांत आधी नेत्यावरच चालवले गेले.

डेट्रॉइट रेड विंग्जचा टेड लिंडसे याची गोष्ट त्यासाठी आठवली पाहिजे. डेट्रॉइटने १९५० ते १९५५ या काळात चार वेळा स्टॅन्ली कप जिंकला, त्या चारही संघांत तो होता. १९५२ पासून चार वर्षे कर्णधारही होता. खेळाडूंना पेन्शनचा हिशेबसुद्धा मालक नीट दाखवत नाहीत, हे पाहून त्याने इतर संघांतील खेळाडूंना एकत्र केले आणि फेब्रुवारी १९५७ मध्ये खेळाडूंची संघटना जाहीर केली. अध्यक्ष तोच होता. त्या हंगामात त्याने ८५ गुण मिळवले होते, त्याच्या कारकीर्दीतले सर्वाधिक. डेट्रॉइट लीगमध्ये पहिला होता. तरीही जुलै १९५७ मध्ये महाव्यवस्थापक जॅक अॅडम्स यांनी त्याला शिकागोला पाठवून दिले. शिकागो सर्वांत तळाचा संघ होता. खेळ घसरला म्हणून नव्हे, तर मान वर केली म्हणून! पुढच्याच वर्षी संघटना मोडली गेली. १९६७ मध्ये ती नव्याने उभी राहिली आणि ती आजही आहे. खेळाडूंनी स्वतः निवडलेल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा पुरस्कार २०१० पासून टेड लिंडसेच्या नावाने दिला जातो. १९६६ मध्ये हॉकीच्या सन्मान-दालनात त्याची निवड झाली, तेव्हा समारंभाला फक्त पुरुषांना प्रवेश होता. पत्नी-मुलांना येऊ देत नसाल तर मीही येणार नाही, अशी भूमिका घेऊन तो गेला नाही. ड्रेसिंग रूममधले नेतृत्व म्हणजे काय, ते अशा माणसांकडून शिकावे.

तेव्हा 'नेतृत्व बदलण्यासाठी जुने खेळाडू विकले' हे वाक्य कानावर आले की, आम्ही आधी विचारतो, विकले कोणी आणि का? संघासाठी की स्वतःच्या बचावासाठी?

आता दुसरी बाजूही पाहू, कारण एकतर्फी लिहिणे आम्हाला मान्य नाही. जुन्या खेळाडूंना सोडून संघ कधीच सुधारत नाही, असे आम्ही म्हणत नाही. मार्च २०१४ मध्ये याच रेंजर्सनी आपला कर्णधार रायन कॅलाहन टॅम्पा बे संघाला देऊन त्यांचा कर्णधार मार्टिन सेंट लुई आणला आणि त्याच वर्षी ते अंतिम फेरीत पोहोचले. शिवाय लीगमध्ये प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असते. २०२४-२५ मध्ये ती ८ कोटी ८० लाख डॉलर होती. त्यातले ८० लाख ज्याचा वेग मंदावला आहे अशा एका बचावपटूवर अडकले, तर व्यवस्थापनाने विचार करू नये काय? जरूर करावा. ज्या दिवशी ट्रूबा गेला त्याच दिवशी गोलरक्षक इगोर शेस्टरकिनचा आठ वर्षांचा, ९ कोटी २० लाख डॉलरचा करार झाला. हिशेब कुठून तरी जुळवावाच लागतो. हा हिशेब चुकीचा नाही. पण हिशेबाला नेतृत्वबदलाचे सोवळे नेसवू नये. पैसे वाचवायचे असतील तर पैसे वाचवतो म्हणा. अपयशाचे खापर मात्र कर्णधाराच्या डोक्यावर फोडू नका.

खापर फोडून काय साधते, हे बोस्टन ब्रुइन्सने २००५ मध्ये दाखवून दिले आहे. त्या वर्षी बोस्टनची सुरुवात वाईट झाली. कर्णधार जो थॉर्नटन अवघा २६ वर्षांचा. १९९७ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेला आणि संघात सर्वाधिक गुण मिळवणारा. पण तो पुरेसा कडक नाही, त्याच्यात नेतृत्वाची धमक नाही, अशी ओरड चालूच होती. ३० नोव्हेंबर २००५ रोजी महाव्यवस्थापक माइक ओ'कॉनेल यांनी त्याला सॅन होजेला दिले आणि बदल्यात तीन खेळाडू घेतले. त्या हंगामात थॉर्नटनने दोन्ही संघांकडून मिळून १२५ गुण मिळवले, लीगमध्ये सर्वाधिक! सर्वोत्तम खेळाडूचा हार्ट पुरस्कारही त्यालाच मिळाला. बोस्टन मात्र आपल्या गटात तळाला राहिला.

बोस्टनचे समर्थक म्हणतात, पण २०११ मध्ये बोस्टनने स्टॅन्ली कप जिंकलाच की! हो, जिंकला. १९७२ नंतर प्रथमच जिंकला. पण मधल्या काळात काय घडले ते ते सांगत नाहीत. मार्च २००६ मध्ये ओ'कॉनेल यांनाच काढण्यात आले. त्यांच्या जागी पीटर किआरेली आले. जुलैमध्ये झेडेनो चारा हा धिप्पाड बचावपटू आणून त्याला कर्णधार केले गेले. पुढचे वर्षही वाईट गेले. २००७ मध्ये क्लॉड ज्युलियन प्रशिक्षक झाले. मग हळूहळू संघ उभा राहिला. म्हणजे बोस्टन सावरले ते कर्णधार विकल्यामुळे नव्हे. कर्णधार विकणाऱ्यालाही घरी पाठवले, तेव्हा कुठे वाट सापडली. वरची खुर्ची हलली, तेव्हा खालचे काम सुरळीत झाले.

आणि थॉर्नटनचे पुढे काय झाले, हे तर आणखी शिकण्यासारखे आहे. सॅन होजेमध्येही कप येत नव्हता. २००९ मध्ये तिथल्या पॅट्रिक मार्लोचे कर्णधारपद काढले गेले. पुढे थॉर्नटन कर्णधार झाला. २०१४ मध्ये बाद फेरीच्या पहिल्याच मालिकेत लॉस एंजेलिसविरुद्ध ३-० अशा आघाडीनंतर शार्क्स सलग चार सामने हरले, तेव्हा थॉर्नटनचेही 'सी' उतरवण्यात आले. महाव्यवस्थापक डग विल्सन यांच्याशी त्याचे उघड खटके उडाले. त्याने निघून जावे अशी चर्चा सुरू झाली. पण त्याच्या करारात संमतीशिवाय हलवता येणार नाही असे कलम होते आणि तो हलला नाही. मार्लोही राहिला. २०१५ मध्ये पीटर डीबोर हे नवे प्रशिक्षक आले, जो पॅव्हेल्स्की कर्णधार झाला आणि २०१६ मध्ये हा संघ इतिहासात पहिल्यांदा अंतिम फेरीत पोहोचला. त्या हंगामात छत्तीस वर्षांच्या थॉर्नटनने ८२ सामन्यांत ८२ गुण मिळवले. ज्याच्या छातीवरचे अक्षर उतरवले, तोच नव्या कर्णधाराचा सर्वांत मोठा आधार ठरला! अंतिम फेरीत ते पिट्सबर्गकडून हरले, हे खरे. पण नेतृत्व बदलण्यासाठी जुन्या माणसाला विकावेच लागते, हा समज त्या एका वर्षाने खोटा ठरवला.

योगायोग असा की, त्या पिट्सबर्गचे प्रशिक्षक माइक सलिव्हन हेच २००५ मध्ये थॉर्नटनला घालवताना बोस्टनचे प्रशिक्षक होते आणि मे २०२५ मध्ये रेंजर्सनी नेमलेले प्रशिक्षकही तेच. तिन्ही घरांचा अनुभव असलेल्या माणसाला तरी यातले काही सांगता यावे.

हार झाली की बदल हवाच, याबद्दल आमचे दुमत नाही. एकच माणूस वर्षानुवर्षे पुढे राहिला तर मागचे वाढत नाहीत, हेही आम्ही जाणतो. पण बदलाच्या तीन कसोट्या आहेत. पहिली, ज्याने निर्णय घेतला त्याच्यापर्यंत जाब पोहोचतो काय? दुसरी, जो जुना नेता बाजूला होतो त्याला समोर बसवून सांगितले जाते की बातमी बाहेरून कळते? तिसरी, जुन्याचा अनुभव नव्याच्या पाठीशी उभा राहतो की दुसऱ्याच्या दारात जातो? सॅन होजे तिसऱ्या कसोटीला उतरले. बोस्टन पहिल्या कसोटीला उशिरा का होईना उतरले. २०२४-२५ चे रेंजर्स तिन्हींत नापास झाले, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कर्णधार म्हणजे छातीवर शिवलेले अक्षर नव्हे. ते अक्षर काढता येते, दुसऱ्याला लावता येते. सोबत्यांचा विश्वास मात्र अदलाबदलीत मिळत नाही. तो पराभवाच्या रात्री ड्रेसिंग रूममध्ये शेजारी बसून कमवावा लागतो. ज्यांनी तिथे कधी बसायचे नाही असे ठरवले आहे, त्यांनी कितीही कर्णधार बदलले तरी संघ बदलणार नाही. छप्पर गळत असताना घरातली थोरली माणसे बाहेर काढून पाऊस थांबत नसतो. आधी वर चढून छप्पर पाहावे लागते, आणि ते ज्याने बांधले त्याला जाब विचारावा लागतो.